गोळीबार चौकातला फळा

दुकानाच्या शटरशेजारी, पंक्चर पाहायच्या घमेल्याच्या वर
दादानं एक फळा ठोकला होता.
शाळेनं भंगारात काढलेला;
कोपऱ्यात कोणाचा तरी पाचचा पाढा
पुसूनही न गेलेला.

सकाळच्या बातम्या लागायच्या,
चहा बशीत ओतलेला असायचा,
आणि कोणी गेल्याचं कळलं
की बशी तशीच ठेवून तो खडू शोधायचा.

'दुःखद' त्यानं कधी लिहिलं नाही.
"सुखाचं निधन पाह्यलं का बे कोनं?"
पोकळी नाही, काळाचा घाला नाही.
नाव, गाव, वय.
खाली एक ओळ.

रेडिओवरच्या सुशीला नंदनवार गेल्या तेव्हा:
'यांनी वेळ सांगितली की घरचं घड्याळ लाजायचं.'
एका मंत्र्याला:
'पूल बांधला. एकदा त्यावरून पायीही गेले.'
हॉकीतला तो गोलकीपर, ज्याचा फोटो
ट्यूबांच्या खोक्यावर वीस वर्षं चिकटलेला:
'तोंडावर सतरा टाके. जागा सोडली नाही.'
त्या दिवशी दादानं एकही पंक्चर धड काढलं नाही.
दोन गिऱ्हाइकं हवा मारून, पैसे ठेवून, न बोलता गेली.

आणि टिमकीचा पोहेवाला, बळीराम निनावे,
तोही त्याच फळ्यावर, मंत्र्याएवढ्याच अक्षरात:
'दुसऱ्यांदा घेतलेली तर्री हिशेबात धरली नाही.'
कोणीतरी कुरकुरलं.
दादा खडूची बोटं पँटला पुसत म्हणाला,
"मेल्यावर तरी मान्साले सारखं अक्षर पाह्यजे."

वहिनी गेली मारबतीच्या दिवशी.
रस्ता भरून लोक ओरडत होते,
घेऊन जा गे मारबत,
रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा,
आणि आम्ही तिला अँब्युलन्समधून उतरवत होतो
त्याच गर्दीत, त्याच आरोळीत.
दुसऱ्या दिवशी दादानं फळा ओल्या फडक्यानं पुसला.
पाचचा पाढासुद्धा घासला.
लिहिलं काहीच नाही.
तेरा दिवस लोक त्या कोऱ्या फळ्यासमोर
सायकल थांबवून उभे राहायचे,
वाचल्यासारखे,
आणि निघायचे.

आता नवतपा चालू आहे.
गंगाबाई घाटावरून येताना
चपलेला लागलेलं डांबर अजून निघालं नाही.
चौथ्या दिवशी मी शटर उघडलं.
सोल्युशनच्या डब्यात खडूचे तुकडे,
आणि फळ्यावर त्यानंच लिहून त्यानंच पुसलेलं
शेवटचं नाव, धुक्यासारखं.
कोणा शास्त्रज्ञाचं. 'आकाशात' एवढंच वाचता येतं.
ते मला पुसवलं नाही.
त्याच्यावरच लिहिलं.

देवाजी धकाते, नागपूर, वय एकाहत्तर.
एवढं जमलं.
खालची ओळ येईना.
सगळ्यांच्या ओळी ज्याला सुचायच्या
त्याची ओळ कोणाला विचारायची?
उन्हानं खडू घामेजलेल्या बोटात भुगा होत होता.
शेवटी जे दुकानाच्या पाटीवर होतं, तेच मनानं लिहिलं:
'सायकल दूरूस्ती.'

मागे एक सायकल थांबली.
दूधवाला असेल, हँडलला किटल्या होत्या;
मी ओळखत नाही.
त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.
मग करंगळी जिभेला लावून
हलकेच एक ऊकार पुसला,
मग दुसरा,
माझ्या हातातला खडू मागून घेतला
आणि दोन्ही उकार ऱ्हस्व केले.

"रागावले असते, बाई,"
म्हणाला, आणि पुढच्या चाकातली हवा
अंगठ्यानं दाबून पाहत
तिथंच थोडा वेळ उभा राहिला.