एक कमी

घणसोली गावठाणात, आमच्या आळीत
मतं मोजत नाहीत, ठाऊक असतात.
सासरे बोटांवर सांगतात:
म्हात्र्यांची अकरा, कोपऱ्यावरच्या मढव्यांची सात,
आपली नऊ.
भाडोत्र्यांची दोन, तीही आपलीच.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला
तेव्हापासून आळी एकाच चिन्हाची.

यंदा बूथचा कागद आला.
एकशे त्रेचाळीसात एक कमी.
चष्मा पुसून पुन्हा बेरीज.
मग ठरलंच: वरच्या खोलीतला सस्ते,
फलटणचा, बाहेरचा.
दोन दिवस त्याचा नळ बंद.

मी जवळा निवडत होते.
शाई नखासोबत वर सरकलेली.

रात्री दोन कळश्या
जिन्यावर ठेवून आले.
त्याची बायको म्हणाली, कशाला, वहिनी?
म्हटलं, देणं लागते मी.