टोपण

मुर्तझाभाईंनी काउंटरवर आधी मलमलचं फडकं पसरलं,
मग त्यावर तो ठेवला.
"हातात घ्या काकी, करडशे नहीं."
दिसायला एवढासा, पण जड.
तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, तसा.

सव्वापाच लाख, काचेसकट.
तोही कुणा दातांच्या डॉक्टरने दोन वर्षं वापरलेला.
दांडिया बाजारात उभ्या उभ्या मी हिशेब मांडला:
गच्चीची गळती, पुढच्या खोलीची फरशी,
दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू,
उरलेल्यात लेकीकडे टोरांटोला एक खेप.
नाहीतर हा,
ज्याला साधं झूमसुद्धा येत नाही.

लेक म्हणते, आई, फोन आहे की.
दीर म्हणतात, सोनं घ्या वहिनी, ते म्हातारं होत नाही.
खरंच आहे. ह्याच्या पोटातली चिप म्हातारी होणार,
बॅटरी कुठे मिळेनाशी होणार.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
पावती असते.

बत्तीस वर्षं सयाजी हॉस्पिटलात एक्स-रे काढले.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
मराठीत, गुजरातीत, बहिऱ्यांना हातवारे करून.
ह्या शहराच्या कितीतरी बरगड्या मला तोंडपाठ,
तोंडं मात्र नाहीत.
मागे रांग, पुढे मोडका खुबा,
वर बघायला वेळ कुणाला होता?

"घेऊन जा. सांजेला आणा," मुर्तझाभाई म्हणाले,
"अब्बांच्या छातीचा फोटो तुम्हीच काढलेला."
अनामत म्हणून तेवढं पुरलं.

खंडेराव मार्केट, फुलवाल्यांची ओळ.
खिडकीला डोळा लावला, मधोमध एक फिका चौकोन,
त्यात प्रत्येक माणूस दोनदा.
कडं फिरवत राहायचं, दोघं सरकत सरकत
एक झाले की दाबायचं.
माझ्या उजव्या डोळ्याला आधीच सगळे दोन दिसतात,
म्हणजे समोरच्या बाईला नाकं चार.
तरी जमलं. पाठीत घाम, पण जमलं.
आणि ती पांढरी रेघ, फोटो जिथे संपतो,
तिच्या बाहेरचंही दिसतं ह्यात:
एक सायकलवाला, अजून फोटोत न आलेला,
येऊ का नको करत.

श्वास घ्या, मी मनात म्हणाले. धरून ठेवा.
अकरा फोटो.
झेंडूच्या ढिगाला टेकून झोपलेला मुलगा.
काट्यावर गुलाबांसोबत अंगठाही तोलणारी म्हातारी;
मला बघून तिने तो उचलला,
मी वळल्यावर परत ठेवला असणार.

मागचा पडदा लावून बघते तर काळं.
पुढचं, काळं.
अकराच्या अकरा, अमावास्या.
काचेवर टोपण तसंच होतं.
ह्याची बघायची खिडकी वेगळी, टिपायची काच वेगळी,
टोपण असलं तरी जग लख्ख दिसत राहतं,
कुणी सांगत नाही.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात
मी फिल्म न घालताच एक मनगट काढलं होतं.
खारकरबाई ओरडल्या नाहीत.
हाड कुठे पळत नाही, म्हणाल्या, परत काढ.
मी टोपण काढलं.
झेंडूवाला जागा होऊन जांभई देत गिऱ्हाईक बघत होता.
म्हातारीकडे गर्दी होती.

सहाला परत गेले.
मुर्तझाभाई माझ्या बोटांचे ठसे पुसत बसले.
"शुं नक्की कर्युं, काकी?"
आधी डोळा, म्हटलं. निदान एक.
"भाव वाढेल."
वाढू दे.
"दुसरं कुणी नेईल."
ह्यावर मी काही बोलले नाही.

रात्री किल्ली शोधताना पर्समध्ये हाताला लागलं,
गोल, थंड, आतून मखमली.
टोपण.
देताना लक्षात कसं आलं नाही, त्यांच्याही.
उद्या द्यायला जायलाच हवं.
दुकान साडेदहाला उघडतं.