वादळाचं शीड

साखर पेठेत समुद्राचं काय काम?
तरी दाभोळहून मुकादमबाई आल्या,
कापड नखानं ओरबाडून म्हणाल्या,
याहून जाड.

मोठंच गुंडाळून लहान करा की, मी म्हटलं.
होतं. पण मग पोट सुटतं त्याला,
वारा नेमका पोटात शिरतो
आणि होडी कलते ती कलतेच.
वेगळं हवं. सपाट. दोन चादरींएवढं.
रंग नारिंगी,
शोधायला येणाऱ्यांना दिसेल असा.

मी गप्प मापं लिहिली.
तिहेरी नागमोडी शिवण, कोपऱ्यांना चामडं.
तीन सुया मोडल्या.

वैशाखात, वावटळीची वेळ धरून
गच्चीवर ताणलं:
एक टोक टाकीला, एक खांबाला,
तिसरं मी आणि भूमय्या.
कापड फडफडलंसुद्धा नाही.
आमच्याच चपला सरकल्या, पार कठड्यापर्यंत.

बाईंनी घडी पिशवीत घातली.
अल्लाच्या मनात असेल तर
उघडावंच लागणार नाही, म्हणाल्या,
आणि पूर्ण पैसे मोजले.

आता रात्री वारा सुटला की
भूमय्या अंथरुणातून विचारतो,
शिवण धरेल ना रे?
मी उठतो,
गच्चीवरचे टॉवेल काढून आणतो,
वाळले नसले तरी.