कागद माझ्याकडे नव्हता

एकतीस वर्षं मी तिला शब्द दिले.
डाव्या विंगेत स्टूल, गुडघ्यावर वही,
दोन सेलची बॅटरी बोटांनी झाकलेली.
चिकोडी, संकेश्वर, अथणी,
जिथं जत्रा तिथं आमचा तंबू.
अडखळली की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची
आणि मी शब्द सोडायचो. अर्धाच.
पुरा दिला तर आत येऊन भडकायची,
"आदगोंडा, पोपट हाय काय मी?"

शनिवारी मराठी खेळ, रविवारी कन्नड,
शालू तोच, विधवा होणं तेच.
लोक म्हणायचे, कन्नडमध्ये जास्त रडते.
ती म्हणायची, तिथं रडायला शब्द लांब मिळतात.

मग सिनेमानं नेलं.
गंगू पाच्छापुरेची गीतारेखा झाली.
निपाणीच्या टॉकीजात आम्ही अख्खी रांग धरून बसलो.
नायिकेची बहीण, चार प्रसंग,
पाचव्यात मेली.
आवाज दुसऱ्याच बाईचा लावलेला.
तिची आई तंबाखूच्या वखारीतनं थेट आली होती,
पदरात शिंकत म्हणाली,
"ही माझी न्हवं. माझी पोर श्वास घेऊन बोलती."

ती लिहायला लागली ती बहुतेक तेव्हापासून.
मला कळलं फार उशिरा,
ती मालिकेत सासू होऊन चौथं वर्ष चालू होतं,
संवादांच्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे टाकून गेली
आणि मागच्या कोऱ्या बाजूला
पेन्सिलीच्या बारीक ओळी.
विचारलं, हा कुठला प्रवेश?
म्हणाली, तुझं काम पुढच्या बाजूला.

काल वाचनालयात साठ खुर्च्या, बावीस माणसं,
एक पंखा, त्याला खोकला.
तोंडाला रंग न लावता ती उजेडात उभी,
हे मी पहिल्यांदा बघितलं.
पुस्तक हातात, पण मिटलेलं.
पाठ म्हणते, म्हणाली.
दोन कविता झाल्या. तिसरी आईची:

*ठसका लागला की आई तोंड फिरवायची,*

आणि थांबली.

पदराचं टोक बोटाला.
मान डावीकडं.
डावीकडं खिडकी होती, आणि खिडकीखाली मी,
अर्धा उठलेला, ओठ उघडे,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
कागद माझ्याकडे नव्हता.

"मरतबिट्टे," ती लोकांना म्हणाली.
विसरले, हे तिला कन्नडमध्येच सुचलं.
माणसं हसली, मीही हसलो असेन.
मग तिनं श्वास घेतला,
मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल एवढा, आणि म्हणाली:

*मी तेवढंच पाठ केलंय, फिरवलेलं तोंड.*

घरी येऊन चष्मा लावून पुस्तक चाळलं.
ही ओळ त्यात नाही.
छापलेली वेगळी आहे. बरी आहे.
पण मोठ्यानं वाचून बघितली दोनदा,
तिच्यात श्वास कुठं घ्यायचा
ते काही सापडेना.