तपासणीचं टेबल

सकाळी सात. बाहेर विल्यांदीचं तळं गोठलेलं,
आत शाळेची व्यायामशाळा, भिंतीला दहा लक्ष्यं,
आणि दाराशी माझं टेबल:
जाडी मोजायचं यंत्र, ताठपणा मोजायचं यंत्र,
शिक्का, वही, थर्मासमध्ये कॉफी.
चाळीस वर्षं मी रेनकोट शिवले,
जो कारखाना आता नाही त्यात.
आता लोक शिवून आणतात, मी दाबून बघते.

ओटच्या डोक्यावर जंगली ठिपक्यांची टोपी, शिकाऱ्याची.
"इथं हरणं नाहीत," मी म्हणते, "लपतोस कुणापासून?"
तो टोपी उलटी करून घालतो. आतलं अस्तर नारिंगी. चालेल.
वाम्बोलांचे बूट घोट्यावर चढलेले.
पिस्तूलवाल्याचं घोट्याचं हाड दिसलं पाहिजे
हे त्यांना एकवीस वर्षं माहीत आहे,
एकवीस वर्षं ते मला विचारतात, का?
आणि पिशवीतून दुसरे बूट काढतात,
नाड्या आधीच सैल करून ठेवलेले.
लोकांना वाटतं, ऊर्वेला नियमावर बोट ठेवायला आवडतं.
थोडंसं आवडतं. खोटं कशाला बोलू.

पण नियम मुळात एकच, बाकीच्या सगळ्या त्याच्या शिवणी:
कापडानं माणसाला उभं धरू नये.
उभं राहायचं ते पाठीनं, पायांनी,
पोटात जी काही भीती असेल तिच्यासकट.

हेल्मी सकाळी टेबलाशी आलीच नाही, तिची बस उशिरा.
थेट रांगेत उभी राहिली. साठ गोळ्या.
सहाशे अठरा पूर्णांक चार. दुसरी.
मग चिठ्ठ्या काढल्या, आणि चिठ्ठीत तीच.

जाकीट माझ्यासमोर ठेवलं. ते मला ओळखत होतं.
तिच्या बहिणीचं, क्रेटेचं. गेल्या वर्षी
बाजू मीच आत घेतल्या, दुहेरी टीप घालून.
टिपेला काही झालं नव्हतं.
पाठ मात्र पाच हिवाळे सौनाच्या खुंटीवर वाळून
पत्र्यासारखी.
चकती तीन मिलिमीटर तरी रुतायला हवी.
रुतली दोन पूर्णांक आठ.
पुन्हा दाबलं. दोन पूर्णांक आठ.

तार्मो, तिचा प्रशिक्षक, टेबलावर वाकला:
"ऊर्वे, दोन दशांश."
"दोन दशांशातून रेनकोटात पाणी शिरतं, तार्मो."
बोलून गेले. त्या मुलीकडे बघून बोलायला हवं होतं.
ती रडली नाही. सही केली, तारीख चुकली, खोडून परत घातली,
आणि विचारलं: "मग ते गुण कुणाचे? माझे की जाकिटाचे?"
वहीत या प्रश्नाला रकाना नाही.
मी शिक्का मारला. शाई फिकी पडली, पुन्हा मारला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर खुर्च्या रचल्या.
स्वेटर वर केला, कमरेचा पट्टा सोडला:
जाड कॅनव्हास, आत पोलादाच्या चार पट्ट्या,
डॉक्टरांनी दिलेला, कारखान्यातल्या बाकाची शेवटची मजुरी.
यंत्राखाली धरला. का, ते माहीत नाही.
चकती जागची हलली नाही.
वहीत काही लिहिलं नाही.
पट्टा आवळला, दिवे मालवले.

थांब्यावर हेल्मी उभी होती,
अंगात नुसता स्वेटर, जाकीट पिशवीत कोंबलेलं.
"रविवारी येऊ का? पाठ उसवायला?"
"ये. धारदार कात्री आण, माझी बोथट झालीय."
मग आम्ही गप्प.
तळ्यावरून वारा येत होता.
ती जराशी डोलत होती, जशी सगळी माणसं डोलतात,
बारकाईनं पाहिलं तर.
मी नाही.