एकच फळी

गर्लगुंजीच्या विटभट्टीमागे खड्डा उरला.
लाल माती गेली बेळगावच्या भिंतींत,
पाणी तेवढं राहिलं.
तिथं मष्णूनं पाच पिल्लं सोडली.

सोडली म्हणजे लगेच नाही.
आधी महिनाभर खोक्यात, बल्बखाली, भाताच्या पिंजरावर.
बिनआईची पिल्लं पाण्यात भिजली की गारठून मरतात
हे त्याला कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.
आणली होती सात.

खानापुरातून जनावरांचे डॉक्टर आले, कन्नडात बोलले.
मी ते डोक्यात मराठीत घेतलं, मग हातांनी मष्णूला दिलं.
हेब्बातु, म्हणाले डॉक्टर.
गल्ली सरसकट बदकं म्हणते.
घाडी गुरुजी म्हणाले, राजहंस! आणि स्वतःच हसले,
कारण राजहंस तेव्हा उकिरड्यावर हगत होते.
कागदावर रकाने होते: कोंबडी, बदक, इतर.
इतर – पाच.

मष्णूची खूण त्या सगळ्यांहून वेगळी.
कोपरापासून हात उभा, मनगट वाकवलेलं,
बोटांची चोच.
झालं.

उथळ घमेलं चालत नाही. डोकं पुरतं बुडायला हवं,
नाकपुड्या धुवायला हव्यात, नाहीतर डोळे चिकटतात.
निळं पिंप आडवं कापून त्यानं ठेवलंय.
सकाळी भरलेलं पाणी नऊपर्यंत चहा होतं.
ओततो, भरतो. ओततो, भरतो.
ओतलेलं आईच्या मिरचीला जातं.
आई म्हणते यंदा मिरची जास्त तिखट.
मला तशीच लागते.

खुराड्याचं दार पूर्वेला. पश्चिमेचा झोडपा पाठीवर घ्यायचा.
सिमेंटवर तळवे फुटतात म्हणून खाली मातीच,
उंबऱ्याला पायरी नाही, विटांचा उतार.
रात्री पाणी बाहेर, आत पिंजर कोरडं.
यातलं निम्मं डॉक्टरांनी सांगितलं,
निम्मं त्यानं त्यांच्या पायांकडे बघून ठरवलं.

नर मोठा. माघात अंगावर येतो.
मान जमिनीलगत लांबवून,
कुकरची शिट्टी घशात अडकल्यासारखा.
पोस्टमन लुमाण्णा सायकल टाकून पळाला.
पळालं की संपलं. पोटरीला अजून निळा डाग आहे,
गावात कुणालाही दाखवतो.

मष्णूला तो फुत्कार ऐकूच येत नाही.
तो सरळ चालत जातो.
नराला कळत नाही आता काय करायचं.
थांबतो. इकडे तिकडे बघतो.
बुटाची नाडी ओढून पाहतो.

खुराडं बांधताना त्यानं एक केलं, मी विचारलं नाही.
खुराड्याची मागची फळी आणि त्याच्या खाटेच्या उशाची फळी
एकच. फणसाची, लांब, भिंतीतून आरपार.
बाबा ओरडले, भोक कशाला पाडूलैस गा, मुंग्या येतील!
ओरडून काय उपयोग, तरी ओरडले.
मष्णूनं खांदे उडवले.

अवसेच्या आधल्या रात्री कोल्हं आलं.
पाचांनी गाव उठवलं: कुत्री, वरच्या गल्लीतली बाळंतीण,
भट्टीवरचे विजापूरचे मजूर, सगळ्यांना.
मी कडी काढेपर्यंत
मष्णू अंगणात उभा, बनियनवर, हातात फावडं.
आमच्या घरात सगळ्यात आधी उठलेला
तो.

कसं कळलं, मी हातांनी विचारलं.
त्यानं दोन्ही हातांचे पंख केले, फडफडवले,
मग मूठ कवटीमागे आपटली.
तीनदा.

कोल्ह्याला शेपटीची दोन पिसं मिळाली.
नर सकाळभर कुणालाच जवळ येऊ देईना,
मष्णूलासुद्धा चावला, चुकून असावं.
पिंपातलं पाणी आठालाच चहा.

मुंग्या मात्र आल्या.
बाबांनी फळीच्या कडेनं औषधी खडूची रेघ ओढली,
दोन्ही बाजूंनी,
आणि फळीवर तळवा टेकून
जरा वेळ तसेच बसले.