कुटुंबात आणखी कोणी?

कर्कॉल्डीत समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
गळ्यात घालतात तो हार, की पत्करतात ती,
सात वर्षं झाली, माझं ठरलेलं नाही.
आज ते दवाखान्याच्या काचेला नाक लावून उभं आहे.

तन्मयचं नाव ठेवताना आम्ही अर्थ पाहिला होता.
आता तो खुर्चीत उलटा, पाय भिंतीला,
मग डॉक्टर मेल्ड्रमबाईंच्या वजनकाट्यावर तिसरी उडी.
फॉर्म माझ्या मांडीवर.
जागेवरून उठतो का? नेहमी.
मध्येच बोलतो का? नेहमी.
इंजिन लावल्यासारखा पळत असतो का?
पायाला भिंगरी, असं मराठीत लिहिते
आणि खोडते.

शाल्मली त्याच्यामागून अकरा मिनिटांनी आली.
तीच कूस, तीच रात्र.
ती खिडकीशी बसली आहे, एका हातात मोजा, दुसरा हात उघडा,
मासिकाचं एकच पान वीस मिनिटं.
मिसेस गिलेस्पींनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलंय,
गोड मुलगी, वर्गात कसलाच त्रास नाही.
त्रास कोणाला नाही, ते लिहिलेलं नाही.

बाई सावकाश समजावतात.
उंचीसारखंच आहे हे, पुष्कळसं घरातूनच येतं.
एकच असा दोषी धागा नसतो,
हजारो असतात, मोहरीएवढे,
कुणाच्या वाट्याला चिमूटभर, कुणाच्या ओंजळभर.
आमच्याकडे मुलगेच जास्त येतात, त्या म्हणतात,
तिघे आले की एखादी मुलगी.
काहींचं मत असं, की मुलीच्या अंगावर ते दिसायला
मुळात ओझंच जास्त असावं लागतं.
आणि काहींचं, की आपण नीट बघतच नाही.
दोन्ही त्या एकाच सुरात सांगतात.

माझ्या भाषेत मुलग्याला वांड म्हणतात, द्वाड, उनाड,
आणि म्हणता म्हणता हसतात.
मुलीला वेंधळी म्हणतात,
आणि तिच्या हातातलं काढून घेतात.

कुटुंबात आणखी कोणी?
रकाना दोन ओळींचा.
पहिलीत दिराचं नाव घातलं,
तीन नोकऱ्या, दोन अपघात, सगळ्यांचा लाडका.
मग कऱ्हाडची वत्सलाआत्या आठवली.
दूध उतू गेलं, हे तिचं जणू आडनावच.
पत्र लिहायला घ्यायची आणि अर्ध्यावर
शाईच्या डागाचा हत्ती करायची, सोंडेसकट.
चौदा महिन्यांत सासरहून परत पाठवली.
निरोप एवढाच, हिचं चित्त नाही.
चित्त होतं. मी पाहिलंय.
दुसरीकडे होतं, आणि तिकडे कुणी
विचारायला गेलं नाही.
ओळ संपली तरी तिचं नाव संपेना, समासात वर चढवलं.
आता माझंही लिहावं का
म्हणून पेन खाली ठेवलं,
तर ते सापडेना.

दुसरा फॉर्म मिळेल का?
हा चुकला?
नाही. तिच्यासाठी.
बाईंनी खिडकीकडे पाहिलं, आज पहिल्यांदा.
यादी मोठी आहे, म्हणाल्या, दीड वर्ष तरी.
आणि शाळेनेही काही लिहायला हवं.
शाळा लिहितेच आहे. कसलाच त्रास नाही.

बाहेर आलो तर रस्ताच नव्हता.
गाडी मी चर्चपाशी लावली, की बेकरीपाशी,
की ते परवा?
तन्मय हात सोडून सुटला, धुक्यात विरघळला,
माझ्या पोटात गोळा,
आणि मग बोनेटवर दोन तळहातांची थाप:
इकडे! इकडे आहे!

शाल्मली जागची हललेली नाही.
उरलेला हातमोजाही तिने काढला आहे,
हात पुढे धरला आहे, ओठ हलतायत.
काय करतेस?
मोजतेय. किती आकड्यांत ओला होतो ते.
तिकडून थाप, पुन्हा थाप.
मी थांबले.
एकसष्टवर ती म्हणाली,
झाला.